पायाळू पोर

मी साफ सांगते, देवाजीकाका वाईट मानूस नव्हता. पन त्या दिवशी तो माह्या पोरीच्या जिवावर उठला होता, हे बी तेवढंच खरं.

ऐंशी सालाच्या आसपासचा वैशाख. आमी सानगडीच्या बाया जंगलातून तेंदूपत्ता तोडून फडीवर आलो होतो. फडी म्हंजे पानाचे पुडे वाळू घालायची मोकळी जागा. तिथं राखनदार देवाजीकाकाची खोपडी. सकाळी ऊन टाळू भाजून काढे, अन् दुपारी आभाळ काळंठिक्कर. वादळ सुटलं, पुडे उडाले, टपोरं पानी आलं. साऱ्या जनी खोपडीत शिरलो, माही पोरगी बी संगं.

पयली वीज दूरच्या मोहावर पडली. दुसरी अलीकडच्या पळसावर. तिसरी खोपडीमागच्या बेहड्यावर, अन् जळक्याचा वास आत आला.

"हे कोनाले तरी शोधून राहिली," देवाजीकाका बोलला. "पायाळू कोन आहे इथं?"

पायाळू म्हंजे पायाकडून जलमलेलं लेकरू. त्याचा पाय कमरेले लागला का कमरेत भरलेली उसन पयते, पन वीज त्याच्यावर डोळा ठेवून असते, असं आमच्याकडं सारेच मानतेत. माही ललिता तशीच जलमली. दहा वर्साची झाली तरी मी कोनाले कळू देल्लं नव्हतं, तिले बी नाही. पन आदल्या दिवशी काकाची कंबर धरली, तो पालथा पडून कन्हत होता, अन् ही येडी खेळता खेळता त्याच्या पाठीवरून चालत गेली. काका टुनकन उठून बसला. तवाच मी समजली होती, आता हे लपत नाही.

आता त्यानं ललिताकडं बोट केलं. "हीच! कलाबाई, हिले बाहेर काढ. एकीपायी सारेच मरू का?"

"काका, लाज वाटू द्या जराशी! लेकरू आहे ते. पायाळू मी आहो!" असं धडधडीत खोटं बोलून मी भरपावसात बाहेर निघाली.

मोकळ्यात जाऊन उभी राहिली. आभाळाकडं पाहून वरडली, "ये ना वं सटवे, इकडं ये!" माह्यावर पडली असती तर पोरीवरचा डाग तरी गेला असता. पन वीज खोपडीच्या कुडालेच चाटून गेली. आतल्या बाया किंचाळल्या. दाराचा तट्टा उघडला, ललिता बाहेर आली, अन् मागं तट्टा लागला. तिले कोनी ढकललं, का तिची तीच निघाली, मले आजवर कोनी सांगतलं नाही.

ती चिखलातून अनवानी चालत आली, अन् एकेका पावलासंगं आभाळ गप होत गेलं. पानी थांबलं. वारा बी थांबला, पान हालेना. तिचे ओले केस डोक्यावर ताठ उभे होते. खोपडीत बाया हासल्या, वाचलो म्हनून. मी मात्र रडून राहिली होती.

"आई, रडू नको," ती म्हने. "मी सांगतलं त्याले."

"कोनाले वं?"

तिनं वर पाह्यलं. "तो म्हने, आज नाही."

मी तिले उचलून कडेवर घेतलं. दहा वर्साची घोडी, माही कंबर मोडून राहिली होती. पन घर येईपर्यंत तिचा पाय मी जमिनीले लागू देल्ला नाही.