सोपानआप्पाचा गुळगुळीत फोटू

बहात्तर सालच्या पंचायतीच्या इलेक्शनला सोपानआप्पाला मीच उभा केला. गडी सोन्यासारखा, पण तोंडभर देवीचे वण आन् एक डोळा बारीक. समोर साहेबराव. उंचापुरा, पिळदार मिशी, नुसता रस्त्यानं गेला तरी मतं गोळा करणारा. आप्पा म्हणला, फारम भरतो, पण दारोदार फिरणार न्हाई, ह्या थोबाडाला कोण मत दील.

मी म्हणलं, तुम्ही घरी बसा, फोटू फिरंल. केडगाव टेसनापाशी माझं सायकलीचं दुकान, आन् खोड्या काढणं हा जोडधंदा. दौंडच्या इलाहीभाई फोटूवाल्याच्या कानात सांगितलं. त्यानं बारीक पेन्सिल घिऊन निगेटिव्हवरचा एकेक वण बुजवला, डोळा बी उघडला. पत्रकं छापून आली तर आप्पा नवरदेवावानी दिसत हुता. मी खुशीत. आप्पानं मातर पत्रक लई येळ हातात धरलं.

"देवी आल्या नसत्या तर असा दिसलो असतो व्हय, बन्सी?"

मला हसायचं हुतं. हसू काय आलं न्हाई.

निम्मी पत्रकं वाटली आन् बाया विचारायला लागल्या, आपल्या आप्पानं फारम मागं घेतला का, ह्यो उपरा कुठला आणला. सोजराबाई म्हणली, चिकणाच निवडायचा तर साहेबराव काय वाईट हाय.

बांगड्या भरणाऱ्या म्हाताऱ्या सुगराबीनं मला ओट्यावर बसवलं. सांगितलं ते असं. पंचवीस वर्षांमागं गावात देवीची साथ आली. दाराला कडूलिंबाचा डहाळा दिसला की त्या घरात कुणी पाय ठेवत नसे. आप्पाला ल्हानपणीच देवी येऊन गेलेल्या, परत यायची भीती न्हाई. मग ह्योच गडी घरोघर आत शिरायचा, पाणी भरायचा, पोरं मांडीवर घ्यायचा. सुगराबीच्या लेकीचे डोळे चार दिस चिकटलेले हुते.

"उघडलं तवा पहिलं तेच थोबाड बघितलं तिनं," सुगराबी म्हणली. "आन् तू ते पुसलंस, मेल्या."

तिनंच दौत आन् सुई काढली. शेजारच्या बाया जमल्या, उरलेल्या पत्रकांवर शाईचे ठिपके द्यायला लागल्या. आता नाकावर वण तीन का चार, ह्यावरनं भांडण. मी जाऊन आप्पाला नमुना म्हणून धरून आणला. आप्पा कानापर्यंत लाल, मान खाली. सोजराबाईनं सरळ हनुवटीला धरून त्याचं तोंड उजेडाकडं केलं.

"हलू नका आप्पा. चार हायती."

आन् तिथंच तिचा हात जरा थांबला. मग तिनं सुई दौतीत बुडवून चौथा ठिपका दिला.

शाई सुकली तसा मी गठ्ठा उचलाय गेलो, तर आप्पानं तो काखेत मारला. म्हणला, मी जातो. मी मागनं. पहिल्याच दारात बाईनं पत्रकाकडं बघितलं बी न्हाई, पाट मांडला, च्या टाकला. पुढच्या घरी तेच, त्याच्या पुढच्या घरी बी तेच. चौथ्या घरी मी कानात म्हणलं, आप्पा, साहेबरावाची निम्मी आळी फिरून झाली, उठा आता.

"बस की लेका," आप्पा म्हणला आन् बशीत च्या वतून घेतला. "मला कुठं घाई हाय."