अंगठाभर जास्त

मित्रांनो, मी जुना आहे एवढं नक्की. बाकी माझ्याबद्दल नक्की असं फार थोडं आहे. लोक मला गज म्हणतात. गज म्हणजे तीन फूट. मी आहे तीन फुटांहून जास्त, पुरा एक मीटर. तरी आमच्या दिंद्रुड गावात मला कुणी मीटर म्हटलं नाही. जन्मल्या दिवसापासून माझा हा असा गोंधळ आहे.

मी लोखंडाचा. दोन्ही टोकांना पितळ. कारखान्यात मला तासलं, घासलं आणि अंगावर सरकारी ठसा मारला. मग माझी आताची मालकीण गंगासागर, तिच्या सासऱ्यांच्या कापडदुकानात मी आलो. ते वारले, दुकान बंद पडलं आणि कित्येक वर्षं मी माळ्यावर धूळ खात पडून राहिलो. का पडून आहे, हेही मला कुणी सांगितलं नाही.

मग १९९१ च्या दसऱ्याला गंगासागरने मला खाली काढलं, राखेने घासलं आणि कुंकू लावलं. तिच्या नवऱ्याचं किराणा दुकान होतं. त्याच्याच शेजारच्या खोलीत तिने आणि छबुबाईने मिळून कापडदुकान मांडलं. छबुबाई शेतकऱ्याच्या घरातली, वयाने थोडी मोठी. तिच्याकडे शिलाई मशीन होतं आणि गळ्यात कायम टेप. परकराचं, पोलक्याचं कापड पुरुष दुकानदाराकडे मागताना बायका लाजायच्या. या दोघींपुढे लाजायचं कारण नव्हतं. पाटीवर दोघींची नावं लागली, तेव्हा गावाला आधी हसू आलं आणि मग सगळं गाव आत आलं.

मापायचं काम गंगासागरचं, फाडायचं छबुबाईचं. पण गंगासागरची एक सवय होती. कापड माझ्यावर ताणून टोकापर्यंत आणायची, टोकाशी अंगठा ठेवायची आणि अंगठ्याच्या पलीकडून पुढचं माप सुरू करायची. दर मीटरला अंगठाभर कापड जास्त जायचं.

मित्रांनो, हे पाहून मला काय वाटलं असेल? मला वाटलं, मी तोकडा आहे! अंगठाभर कमी भरतो, आणि ही बिचारी माझी लाज झाकते. वजनमापाचे साहेब येऊन मला तपासायचे आणि ठसा मारून जायचे. मला वाटायचं, साहेबांची नजर अधू आहे. लग्नाच्या बस्त्याला दोन्हीकडची मंडळी गादीवर बसायची, सकाळपासून संध्याकाळपर्यंत तागे उलगडायचे, आणि "गजाला बरकत हाय बरं का या दुकानाच्या" असं कुणी म्हटलं की मी शरमेने गार पडायचो. खोटं कौतुक फार टोचतं.

पुढे गावात केबल आली आणि तरण्या पोरांना शिवलेलं नको झालं. त्यांना रेडिमेड हवं होतं. छबुबाई म्हणाली, "आपुन बी आणू." गंगासागरला ते पटलं नाही, पण ती गेली. दोघी सोलापूरला जाऊन भली मोठी गाठोडी घेऊन आल्या.

गाठोडी सुटली आणि माझं डोकंच चालेना. या सदऱ्यांना मापलं कुणी? कुणाच्या अंगावर? अंग दुकानात आलंच नाही आणि सदरा तयार! कॉलरीत नुसता एक आकडा शिवलेला.

त्या आकड्यांनीच घात केला. आमच्याकडे लेकराचा कपडा घेतात तो वाढत्या अंगाचा, दोन वर्षं पुरेल असा. माल निवडायचं काम गंगासागरचं. तिने आयुष्यभर असाच हिशेब धरला होता. तिने सगळाच माल दोन-दोन आकडे मोठा उचलला. लेकरांचा उचलला आणि बापांचाही.

पहिला सदरा सुंदररावांनी घातला. पन्नाशीचे गृहस्थ, मोठे शेतकरी. बाहीतून त्यांची बोटं दिसेनात.

"वहिनी," ते म्हणाले, "माझं अंग आता कशानं वाढल?"

दुकान हसलं. सुंदरराव माजलगावहून सदरा घेऊन आले, आणि बाकीचेही तिकडेच जाऊ लागले. गाठोडी तशीच पडून राहिली. दोघींचं बोलणं कमी झालं. मी दोघींच्या मधे गादीवर पडलेला असायचो, आणि कुणाची बाजू घ्यावी ते मला कळायचं नाही. छबुबाईचं खरं वाटायचं. गंगासागर बोलली की तिचंही खरं वाटायचं.

एका दुपारी छबुबाई म्हणाली, "गंगा, आता न्हाई जमायचं. वाटणी करू. माझ्या घरी मी रेडिमेड मांडते, तू हितं कापड फाड."

गंगासागरने मला उचललं. प्रत्येक ताग्याचे दोन भाग करायचे ठरले. तिने आधी स्वतःचा भाग मापला, मग छबुबाईचा. पाटीवरची दोन नावं आता दोन पाट्यांवर जाणार होती, आणि ते काम माझ्याच हातून होणार होतं.

चौथ्या ताग्याला छबुबाईने तिचा हात धरला.

"थांब. तुझ्या वाट्याला तू अंगठा सोडत न्हाईस, अन् माझ्याच वाट्याला सोडतीस?"

"सवय हाय हाताला."

"मला आजवर वाटायचं, तुझ्या सासऱ्याचा गज तोकडा हाय. म्हणून तू अंगठा सोडतीस."

गंगासागरचा चेहरा लाल झाला. तिने छबुबाईच्या गळ्यातला टेप ओढला आणि माझ्या अंगावर पसरला. "बघा. शंभर. एक दोरा कमी न्हाई."

मित्रांनो, मी पुरा होतो! पाच-सहा वर्षं मी उगाच मान खाली घालून जगलो. पण आनंद व्हायच्या आतच नवा प्रश्न उभा राहिला. मी पुरा, तर अंगठा कशासाठी? छबुबाईनेही तेच विचारलं.

"कापड धुतल्यावर आटतं," गंगासागर म्हणाली. "शिंप्याची कात्री चुकती. लेकरू वाढतं. घरी गेल्यावर कुणाला कमी पडू ने, एवढंच. सोलापुरातबी मी तेच केलं. चुकलंच माझं."

छबुबाईने ढगळ सदऱ्यांतला एक उचलला, मशीनवर बसली आणि बाही आतून दुमडून टीप मारली. "कापायचं न्हाई," ती म्हणाली. "जादा कापड आत ऱ्हाऊ दे. अंग वाढलं तर उसवून देऊ. असं रेडिमेड माजलगावात बी भेटायचं न्हाई. बोलाव सुंदररावला."

सुंदरराव आले, मापाचा सदरा घालून गेले. फाडलेले तीन तागे पुढच्या बस्त्यात खपले. चौथा तागा फाडलाच नाही. पाटी तशीच राहिली.

आता फाडायचं कापड कुणी फारसं मागत नाही. दोघींनी मला भिंतीत दोन खिळ्यांवर आडवा ठेवला आहे आणि माझ्यावर सदरे लटकवले आहेत. मी कामावर आहे की निवृत्त, हे मला माहीत नाही. मधूनच एखादी म्हातारी दोन मीटर मांजरपाट मागते. मग दोघी मिळून सगळे सदरे उतरवतात आणि मला खाली घेतात.

परवा असंच झालं. गंगासागरने टोकाशी अंगठा ठेवला आणि तो एका खळग्यात अलगद बसला. इतक्या वर्षांत तिच्या अंगठ्याने माझं पितळ झिजवलं आहे. म्हणजे मित्रांनो, पुरा होतो तेव्हा मी स्वतःला तोकडा समजलो, आणि आता खरंच दोराभर तोकडा झालो असेन! साहेब या वेळी ठसा मारतील की नाही, कोण जाणे. पण त्या म्हातारीला कापड कमी पडलं नाही.

म्हणून एक विनंती आहे. घरात जुनं माप सापडलं तर भंगारात घालू नका. त्याच्यावर कापड ताणा आणि टोकाशी आपला अंगठा ठेवा. आपल्या वाट्याला नाही, दुसऱ्याच्या.