जुळ्यांतली दुसरी

"बाई, एक इचारू?" मागच्या बाकावरून जाईबाई सुईण उठली. "जुळ्यांतलं एक काळं नि एक गोरं निघालं, तर लोक म्हणतात बाप दोन. खरं काय ते?"

बाकीच्या सुइणी पदराआड हसल्या. तक्त्याजवळ उभा असलेला कुशाबा शिपाई मात्र हसला नाही.

परळच्या त्या प्रसूतिगृहात तो चौदा वर्षं नोकरीला होता. गर्भाचे तक्ते भिंतीवर टांगायचे आणि व्याख्यान संपलं की गुंडाळून कपाटात ठेवायचे, हे त्याचंच काम. चित्रं पाठ झाली होती, पण सगळं इंग्रजीत चाले, त्यामुळे अर्थ कधी कळला नव्हता. त्या वर्षी, सत्तावन्न साली, गिरणगावाच्या भिंतीभिंतीवर संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा होत्या, आणि नव्या डॉक्टरीणबाईंनी सुइणींचा वर्ग मराठीतूनच घ्यायचा असं ठरवून टाकलं होतं.

बाईंनी प्रश्न हसण्यावारी नेला नाही. छडी तक्त्याला लावून त्या म्हणाल्या, "पुरुषाचं बीज बाईच्या बीजाला मिळालं, की त्या एकाचे दोन होतात, दोनाचे चार, चाराचे आठ. तीन-चार दिवसांत तुतीच्या फळासारखा गोळा होतो. आठवडाभरात तो पिशवीला चिकटतो. कधी कधी या पहिल्या दिवसांतच तो दुभंगतो. मग एका बीजाची दोन मुलं, सहसा एकाच तोंडवळ्याची. पण कधी एकाच महिन्यात बाईची दोन बीजं पिकतात आणि दोन्ही रुजतात. ती जुळी म्हणजे एका वेळी आलेली साधी भावंडं. जाईबाई, तुझी दोन पोरं सारखी दिसतात का गं?"

"कुठली. एक माझ्यावर गेलाय, एक सासऱ्यावर."

"मग तिथं शोधलास का दुसरा बाप?"

आता कुणी हसलं नाही. बाईंनी पुढचा तक्ता मागितला. कुशाबाने भलताच टांगला. "अरे, हा नव्हे," बाई म्हणाल्या, तेव्हा त्याला नीट ऐकूही आलं नाही.

अकरा वर्षांपूर्वी त्याच्या बायकोला, रमाबाईला, जुळ्या मुली झाल्या होत्या. मीनाक्षी त्याच्यासारखी काळीसावळी. कांता गोरीपान, घाऱ्या डोळ्यांची. घोडपदेवच्या त्यांच्या चाळीत दोन खोल्या सोडून राजाराम म्हणून एक मिलमधला जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम, राहायचा. त्याचेही डोळे घारे. कुशाबाची चुलती बारशाला आली आणि पाळण्यात वाकून म्हणाली, "एक तुजा. दुसऱ्याचा देवाक ठावक."

कुशाबा भांडला नाही. बायकोला त्याने काही विचारलंही नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. त्याने फक्त कांताला कधी उचललं नाही. ती दोन वर्षांची झाल्यावर, खोलीत जागा पुरत नाही असं सांगून त्याने तिला देवगडकडे तिच्या मामाकडे, बुधाजीकडे, पाठवून दिलं. रमाबाई दर मे महिन्यात जाऊन यायची. तो एकदाही गेला नाही.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा रमाबाई तांदूळ निवडत होती. मीनाक्षी नळावर गेली होती. तो सूप मध्ये ठेवून तिच्यासमोर बसला आणि बाईंनी सांगितलेलं सगळं सांगत गेला; दोन बीजं, तुतीचं फळ, साधी भावंडं. सांगताना त्याची मान वर होत नव्हती.

रमाबाईने तेवढ्यात तीन खडे काढून टाकले.

"माका डाक्टरणीन सांगूची गरज नव्हती," ती म्हणाली.

त्यानेही सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"तिका घेऊन येतो," तो म्हणाला.

"ती काय बोचका आसा? धाडलास तेवा गेला, बोलावलास म्हणान येतला? आधी जावन बसा तिच्याफुडे."

त्याने आठ दिवसांची रजा काढली आणि भाऊच्या धक्क्यावरून बोट पकडली. बुधाजीच्या घरी पोचला तेव्हा दुपार होती. बुधाजी शेतावर होता. अंगणात एक मुलगी भात राखत बसली होती. घाऱ्या डोळ्यांनी तिने पाहुण्याकडे नीट पाहिलं, आत गेली, पाय धुवायला पाणी आणलं आणि परक्या माणसाला करावा तसा वाकून नमस्कार केला.

"मी कोण, ओळखलंस?" कुशाबाने विचारलं. वाटेत जुळवलेलं सगळं तो विसरला होता.

"व्हय. बाबा."

"कसं ओळखलंस?"

"आयेन सांगल्यान हा. काळे, उंच, डाव्या कानाक वण." मग ती पाठ केल्यासारखं म्हणाली, "तुमी आस्पतळात मोठ्या कामार आसास. तुमका सुट्टी गावना नाय. म्हणान येवक जमना नाय."

नऊ वर्षं दर मे महिन्यात रमाबाई येऊन हेच सांगून गेली होती. कुशाबा पायरीवर बसला. मुलगी खोटं बोलत नव्हती, आणि तिची आई जे बोलली होती ते खोटं आहे हे सांगायची त्याची छाती नव्हती.

"आता किती दिवस गावली सुट्टी?" तिने विचारलं.

"आठ. येण्याजाण्यात चार जातील."

तिने बोटांवर मोजलं. चार म्हणजे बरेच, असं तिच्या तोंडावर दिसलं. ती घरात गेली आणि मामीला सांगू लागली, "चार दीस रवतले. त्येंका रजा व्हती म्हणान इले."

बाहेर वाळत घातलेल्या भाताशी कोंबड्या आल्या. कुशाबा उठला, तिने खाली ठेवलेली काठी उचलली, आणि ती बाहेर येईपर्यंत भात राखत उन्हात उभा राहिला.