लायकी नसलेलं गाव

दोधू आप्पांनी पाण्याचा पेला उजेडात धरला, नाक मुरडलं आणि तो जाहिदच्या पुढ्यात आदळला.

"पी देख. हाई काय पानी शे?"

जाहिद लोखंडी ग्रिल-दरवाजे बनवणारा कारागीर, घर बघायला आलेला. तो मुकाट्याने सगळं पाणी प्यायला.

घर विकायला आप्पांनीच काढलं होतं, म्हणजे त्यांच्या तोंडाने. गेली कित्येक वर्षं ओट्यावर बसून या माणसाचं एकच पारायण चालायचं: हे गाव माणसाने राहण्याच्या लायकीचं नाही, सगळं विकून सुरतेला पोराकडे जातो. गल्लीने ते कधी मनावर घेतलं नाही, कारण गल्लीही तेच बोलायची. पालिकेला शिव्या घातल्याशिवाय इथे कुणाला सकाळचा चहा गोड लागत नाही. पण सुरतेच्या पोराने, भरतने, बापाचं खरं मानलं. त्याने तिकडे एक खोली रिकामी केली, इकडे गिऱ्हाईक शोधलं आणि आज स्वतः शेजारी येऊन बसला. आता 'मला जायचं नाही' म्हणावं, तर इतकी वर्षं वाजवलेल्या तोंडाचं काय करायचं? तेवढी हिंमत आप्पांत नव्हती. म्हणून त्यांनी ठरवलं, गिऱ्हाइकालाच पळवून लावायचं. त्यासाठी लागणारी विद्या त्यांच्याकडे भरपूर होती.

पाणी भल्या पहाटे सोडतात आणि झोपेचं खोबरं होतं, असं त्यांनी सुरू केलं. नेमाने येतं का, जाहिदने विचारलं. एक दिवसाआड येतंच, आप्पा तुच्छतेने म्हणाले, आणि इतक्या जोरात की हंड्याबाहेर उडतं. मग झाडूवालीची पाळी आली. सोनीबाई उजाडायच्या आत गल्ली झाडते, धूळ थेट देवघरात येते. घंटागाडी दारात उभी राहून रोज तेच गाणं बोंबलते आणि कचरा घेतल्याशिवाय हलत नाही. दिव्याचा खांब तर नेमका खिडकीसमोर. या मेल्यांनी रात्रीला काळोख म्हणून शिल्लक ठेवला नाही.

जाहिद ऐकता ऐकता पुढे सरकत होता. तो म्हसावदच्या रस्त्याला, पालिकेच्या हद्दीबाहेर, उसाच्या शेतालगतच्या प्लॉटवर राहायचा. तिथे त्याच्या बायकोचा, आफशीनचा, अर्धा दिवस टँकरची वाट बघण्यात जातो, कचरा ज्याचा त्याने जाळायचा आणि अंधार पडल्यावर पोरींना बाहेर पाठवायची सोय नाही, असं त्याने हळूच सांगितलं. भरत खुलला. आप्पांचं तोंड उतरलं. पण जित्याची खोड. गटारही सारखी उपसतात आणि गाळाचा वास येतो, हे त्यांनी सांगूनच टाकलं.

आत त्यांची बायको फुलवंताबाई कपबशा विसळत होत्या. सुरतेला जायचं म्हटल्यापासून त्यांना जेवण गोड लागत नव्हतं. विसळण्याचा आवाज थांबला.

"काका, मी इसार आजच देस," जाहिद म्हणाला. "तुमनी गल्लीमा काहीच कमी नही."

"मंग ठरनं ना, आप्पा?" भरतने विचारलं.

आप्पांनी रिकामा पेला उचलला, आत पाहिलं आणि पुन्हा ठेवला.

"मन्हं घर इकानं नही शे."

"तुम्हीच म्हनतस ना, आठे मानूस राही शकस नही?"

"म्हनस," आप्पा पायाखालच्या जमिनीकडे बोट दाखवत म्हणाले. "आठेच राहीसन म्हनस."

भरत कपाळाला हात लावून बसला. जाहिदने चपला घातल्या आणि फुलवंताबाईंना सलाम करून निघाला.

तेवढ्यात घंटागाडीचं गाणं ऐकू आलं. आयुष्यात पहिल्यांदाच आप्पा स्वतः कचऱ्याची बादली घेऊन बाहेर गेले. आज तरी हे तोंड एखादा बरा शब्द बोलेल, या आशेने फुलवंताबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"इतला उशीर?" आप्पा गाडीवाल्यावर खेकसले.

गाडी रोजच्याच वेळेला आली होती. गल्लीच्या तोंडाशी जाहिद थांबला होता. गाडी एकेका दारासमोर उभी राहत पुढे सरकताना तो बघत राहिला.