माशाभोवतीची जागा

ट्युनिशियातल्या स्फाक्स शहराच्या बंदराजवळ नजीबानं तीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. धाकटा भाऊ मुंजी बोट विकून तळलेल्या माशांचं दुकान काढतोय म्हटल्यावर त्याची पाटी आपणच रंगवणार, हे ती धरूनच चालली होती. पण दुकान उघडायच्या आठ दिवस आधी मुंजी मोबाइल नाचवत आला.

"ताई, ठेव तुझे ब्रश माळ्यावर! यंत्राला नुसतं सांगितलं, पाटीचं चित्र काढ. अर्ध्या मिनिटात चार काढली!"

नजीबानं चष्मा लावून पहिलं चित्र पाहिलं. काय तो मासा! खवल्यांवर पाण्याचा थेंब थरथरत होता. गडद निळ्यावर नारिंगी असा काही खुलला होता, की हे आपल्याला सुचलं नसतं, असं तिला मनातल्या मनात कबूल करावं लागलं.

"रंगाची जाण आहे मेल्याला," ती म्हणाली. "जा, मोठ्या कागदावर छापून आण."

कागद दुकानावर चिकटवून तिनं भावाला मनगट धरून रस्त्यापलीकडे नेलं.

"सांग, आधी काय दिसतं?"

"मासा... नाही, कंदील. लिंबं. ते जाळं..."

"आणि दुकानाचं नाव?"

मुंजीनं डोळे बारीक केले. नाव होतं, पण जाळ्यात गुरफटलेलं, आणि निम्मी अक्षरं भलतीच.

"लग्नघरात सगळे एकदम बोलतात ना, तसं झालंय. एकानं बोलावं, बाकीच्यांनी ऐकावं."

मुंजी हट्टाला पेटला. 'एकच मासा, बाकी जागा मोकळी,' असं त्यानं यंत्राला सांगितलं. एक मासा आला, आणि मोकळ्या जागेत सात समुद्रपक्षी. पक्षी नकोत म्हटलं, तर होड्या आल्या. काहीच नको म्हटलं, तर ढगांची झुंबड.

नजीबा हसता हसता फुटपाथवरच बसली. "अगदी आपली आई रे! ताट रिकामं दिसलं की वाढलंच!"

मुंजीलाही हसू आवरेना. "मग आता?"

"त्याचा निळा घेऊ, नारिंगीही घेऊ. त्यात कसली लाज? बाकीचं माझ्यावर सोड."

तीन दिवस ती शिडीवर होती. डावीकडे एक नारिंगी मासा, त्याच्या तोंडापुढे ठसठशीत अक्षरांत 'मुंजी' हे नाव, आणि उरलेला सगळा निळा कोरा.

"ताई, एवढी जागा वाया घालवलीस! निदान एखादं लिंबू?"

"लिंबू माशावर पीळ."

दुकान उघडलं त्या सकाळी समोरून बस भरधाव गेली. दोघांच्याही ओळखीचा नसलेला ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून ओरडला, "मुंजी, दोन पाव भरून ठेव! हरीसाची तिखट चटणी सढळ हातानं! परतीला घेतो!"

मुंजी बघतच राहिला. "ताई, धावत्या बसमधून वाचलं गं त्यानं!"

"तेल तापलंय," नजीबा म्हणाली, पण तिचा चेहरा नुसता फुलला होता.