लांबडी

चौथ्या खेपेला लाग्वेबू सरदाराच्या गुरांच्या वाड्यापाशी येऊन बसली, तेव्हा तिचे गुडघे लाकडासारखे झाले होते. पहिल्या खेपेला कुणाची तरी मयत निघाली. दुसऱ्या खेपेला सगळे राजाच्या शेतात खुरपायला गेलेले. तिसऱ्यांदा पंच होते, पण कागद सापडला नाही. आज कागद होता.

"वाच," पंचांचा म्होरक्या मान्कोबा म्हणाला.

कारकुनाने वाचलं, "म्पिकेलेलीने गाय देऊन राजाची माती मागितली. सरदारांनी दिली. हद्द, वर कोरफडीच्या कुंपणापासून खाली लांबडीपर्यंत."

"लांबडी म्हणजे वाट," शेजारचा गामेद्झे लगेच म्हणाला. "वाटेखालचं रान मोकळंच आहे. ते मला द्या."

वाटेखाली तिचा मका होता. पिकायचं ते तेवढंच. वर नुसता खडक.

कागद झाला तेव्हा नवरा म्पिकेलेली परमुलखात खाणीवर होता. हद्द तिनेच सांगितली होती. सासऱ्याचं नाव म्फुला, आणि त्यांच्या बोलीत नदीलाही म्फुलाच म्हणतात. सुनेने सासऱ्याचं नाव जिभेवर आणायचं नाही, म्हणून नवी नवरी असल्यापासून ती नदीला लांबडी म्हणत आली. लांबडीवर धुवायला जाते, लांबडीला पूर आला. त्या वेळच्या कारकुनाने ती बोलली तसंच उतरवलं. सगळ्यांना कळतंय, असं वाटलं असेल त्याला. आजही सगळ्यांना कळत होतंच.

"गोगो," आजीला हाक मारावी तसं मान्कोबा म्हणाला, "लांबडी म्हणजे काय, एकदा सांग. एक शब्द. सुटलीस."

"तो माझ्या तोंडी येत नाही, बाबा."

"राजाच्या खापरपणजोबाचंही नाव भाट बेंबीच्या देठापासून ओरडतो," गामेद्झे हसला, "आणि हिला एक म्हातारा जड झाला!"

"भाट राजाची सून नाही. आणि तुझ्या आईने जन्मभर मिठाला पांढरं म्हटलं. तू काय चुना खाल्लास?"

दोघे पंच खोकल्यासारखे हसले. मान्कोबा हसला नाही. "मी सांगून चालत नाही, गोगो. शब्द तुझा, तो तूच उकलायचा."

लाग्वेबूने काठी टेकली आणि उठली. "मग चला. दाखवते."

"आत्ता? या उन्हात?"

"मी चारदा आले, बाबा. तुम्ही एकदा या."

मान्कोबाने टोपी चढवली. "ठीक. तू जिथे बसशील, ती हद्द."

ती पुढे, पंच धापा टाकत मागे. कोरफड आली, खडक आला. वाट आली तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. गामेद्झेने तेवढ्यात कुणाच्या तरी अंगणातून बसायचं स्टूल आणलं.

"बस गोगो, दमलीस," तो अगदी मायेने म्हणाला.

तिने स्टुलाकडे पाहिलं. बसावंसं फार वाटलं. या मातीपायी तिने दर साली राजाचं शेत खुरपलं होतं, अंगात ताप असतानासुद्धा. नवरा गेला, मुलं शहरात राहिली. मका गेला तर खुरपणंही सुटेल. कुणासाठी ओढायचं अजून? काठीवर भार टाकून ती बराच वेळ उभी राहिली.

मग तिने काठीने स्टूल बाजूला सारलं. "हे तुझ्या बायकोला दे. दिवसभर उभी असते बिचारी."

मक्यातून ती उतरली. पानं हाताला कापत होती. काठावर न थांबता ती थेट पाण्यात गेली आणि लुगड्यासकट खाली बसली.

"ही," ती म्हणाली.

कारकुनाने कागद गुडघ्यावर धरला. "काय लिहू?"

"म्फुला लिही," मान्कोबा म्हणाला.

लाग्वेबूने दोन्ही हात कानांवर घट्ट दाबले होते. मान्कोबाने खूण केली तेव्हा कुठे काढले.

"झालं, गोगो. ऊठ आता."

"तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली. "मला जरा बसू द्या."