सांडपाण्यातलं घरटं

पालमच्या रस्त्यावरच्या साखर कारखान्यामागं सांडपाण्याचं मोठं तळं होतं. काळं, तेलकट, नाकाला झोंबणारं. तहानलेलं कुत्रंसुद्धा तिथं तोंड लावत नसे. काठावरच्या पंपघरात सोमेश्वरनं एकोणीस वर्षं काढली. त्या पाण्यात कधी काही जिवंत दिसेल असं त्याच्या मनातही आलं नव्हतं.

गाळप संपलं, पाणी ओसरलं आणि मधोमध गाळाचं बेट उघडं पडलं. वैशाखात एका सकाळी त्यावर पाखरांची जोडी उतरली. काळे पंख, पांढरं पोट, काडीसारखे लांब लाल पाय. आठवडाभरानं मादी बसलेली दिसली. ती उठली तेव्हा खाली चार ठिपकेदार अंडी.

"त्या घाणीत?" त्याची बायको गंगम्मा हसली. "दुसरीकडं जागा घावली न्हाई का त्यायला?"

"दुसरीकडं पाणी हाय कुठं?"

चार दिवसांनी राजशेखर साहेबांचा हुकूम आला. परवा तपासणी होती. सगळ्या टाक्या धुऊन पाणी तळ्यात सोडायचं.

"सायब, तळ्यात पाखरानं अंडी घातलीत. पंधरा दिस द्या, पिलं निघतील."

साहेब माणूस वाईट नव्हता. काठावर येऊन बराच वेळ बघत राहिला. "देखणी आहेत," म्हणाला. "पण तारीख माझ्या हातात नाही, सोमेश्वर. तुझ्यानं होत नसेल तर भुजंगला सांगतो."

भुजंग दुसऱ्या पाळीचा. त्यानं एकदम पूर्ण सोडलं असतं. म्हणून सोमेश्वरनं स्वतःच पंप लावला, धार बारीक ठेवून.

पाणी चढू लागलं तशी पाखरं कामाला लागली. काड्या, पाचटाचे तुकडे आणून अंड्यांखाली सारायची. पाणी बोटभर चढलं की घरटंही बोटभर चढायचं. सोमेश्वरनं पंप बंद केला. लगेच साहेबांचा फोन आला. त्यानं पंप पुन्हा चालू केला.

दुपारी त्याला राहवलं नाही. घरट्याभोवती भर घालायला मुरमाचं टोपलं घेऊन तो पाण्यात शिरला. दहा पावलांत कमरेपर्यंत गाळात रुतला. पाळीवर आलेल्या भुजंगनं दोर टाकून त्याला ओढून काढलं.

"मरायलास का, सोम्या? पाखरासाठी?"

दिवस मावळायच्या आत अंडी तरंगली. नर तेवढ्यात एक काडी घेऊन आला. ठेवायला जागा नव्हती. दोन घिरट्या घालून त्यानं ती पाण्यात टाकली.

तपासणीवाले आले, कचेरीत चहा पिऊन गेले. तळ्याकडं कोणी फिरकलं नाही.

जोडी दोन दिवस ओरडत फिरली, मग दिसेनाशी झाली. सोमेश्वरच्या पायांवर उठलेले फोड महिनाभर चिघळत राहिले.

पुढच्या उन्हाळ्यात पाणी पुन्हा ओसरायला लागलं. गाळाचा माथा दिसतोय न दिसतोय तोच सोमेश्वरनं, कोणी न सांगता, पंप लावला आणि पाखरं उतरायच्या आत तो माथा बुडवून टाकला.